‘जीभ बाहेर काढ बघू’: लेकीच्या गळ्यातली गाठ ज्यांनी मुळासकट काढली, त्या विभागाविषयी

मी शिवणकाम करते, त्यातही लहान मुलींचे फ्रॉक जास्त. त्यामुळे कपडा हातात आला की नजर आधी गळ्याकडे जाते. माझ्या लेकीचं दुखणं संपलेलं नाही, हे मला कळलं तेही तिच्या फ्रॉकच्या गळ्यावरूनच. धुवायला टाकताना गळपट्टी उलटी केली, तर आतून मधोमध एक डाग दिसला. खळ लावून वाळवल्यासारखा ताठ होता. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. तिला जवळ बोलावून मान वर करायला लावली. जुन्या जखमेच्या व्रणात टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं आणि त्यातून चिकट पाण्याचा एक थेंब बाहेर येत होता.

ज्या बालशल्यचिकित्सा विभागात पुढे तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याबद्दल हे लिहितेय. विभागाचं नाव देत नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला तोच विभाग जवळ असणार नाही. तिथे काय काय केलं गेलं आणि का, ते बारकाव्यांसह सांगते. तुम्ही जिथे मुलाला नेताय तिथे हे होतंय का, ते ताडून बघा.

आधीची हकीकत थोडक्यात सांगते. ती चार वर्षांची असताना, डोकं धुताना मान मागे केली की गळ्याच्या अगदी मध्यावर, हनुवटी आणि कंठमणी यांच्यामध्ये शर्टाच्या बटणाएवढी गोळी हाताला लागायची. दुखत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, अवधाण आलं असेल, जाईल. मलाही तसंच वाटलं. मग तिला जोराची सर्दी झाली आणि दोन दिवसांत ती गोळी लाल, गरम आणि चांगलीच मोठी झाली. एका दवाखान्यात नेलं. ‘बेंड झालंय, चीर देऊन पू काढू’ असं सांगितलं आणि लगेच काढलाही. ताप उतरला, जखम दहा दिवसांत भरली आणि आम्ही निर्धास्त झालो. सोनोग्राफी झाली नाही. ही गाठ मुळात आहे कसली, हा प्रश्नच कोणी विचारला नाही. मीही नाही विचारला, याची मला अजून चुटपुट लागते. चार महिन्यांनी तो डाग दिसला.

या विभागात पहिल्याच भेटीत जे झालं ते मी विसरणार नाही. डॉक्टर मॅडमनी लेकीला तपासणीच्या टेबलावर झोपवलं नाही. ‘ताई, मांडीवरच राहू दे तिला’ म्हणाल्या आणि स्वतः स्टूल ओढून तिच्या समोर, तिच्या उंचीला येऊन बसल्या. गळ्याला हात लावण्याआधी तिच्याच बाटलीतलं पाणी तिला प्यायला सांगितलं. घोट गिळला की गाठ वर जायची आणि परत खाली यायची. हे मी इतके महिने रोज बघत असून मला दिसलं नव्हतं. मग म्हणाल्या, ‘आता मला जीभ बाहेर काढून दाखव बघू. अजून लांब!’ लेकीने जीभ काढली आणि गळ्यातली ती गोळी कोणी आतून दोऱ्याने खेचावी तशी वर ओढली गेली. जीभ आत, गोळी खाली. जीभ बाहेर, गोळी वर. मॅडमनी माझा हात घेऊन माझं बोट त्या गोळीवर ठेवलं आणि परत जीभ काढायला लावली. ती ओढ बोटाला कळली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हिच्या गळ्यातली गाठ जिभेला बांधलेली आहे, हे मला शब्दांआधी बोटाने समजलं.

याला थायरोग्लॉसल सिस्ट म्हणतात. मुलांच्या मानेच्या मध्यावर जन्मतः असणाऱ्या गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त आढळते. मॅडमनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. बाळ पोटात चार आठवड्यांचं असताना थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार व्हायला लागते. तिथून ती गळ्याच्या पुढच्या बाजूने खाली सरकते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास आपल्या जागेवर पोहोचते. सुई पुढे गेली की मागे दोरा राहतो, तशी तिच्या मागे एक बारीक नळी राहते. ही नळी साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत विरून जायला हवी. काही मुलांत तिचा काही भाग विरत नाही, त्यात चिकट पाणी साठत जातं आणि गाठ होते. सर्दीखोकल्यात तोंडातले जंतू तिथवर पोहोचले की ती पिकते. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

मी विचारलं, गरोदरपणात मी शेवटपर्यंत मशीनवर वाकून काम केलं, त्यामुळे झालं का? त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘हे सगळं ठरलं तेव्हा तुम्हाला दिवस गेल्याचं कळून जेमतेम महिना झाला असेल. तुमच्या कुठल्याही कामाने हे झालेलं नाही.’ दाराबाहेर रांग असताना हे वाक्य त्यांनी घाई न करता सांगितलं. माझ्यासारख्या कितीतरी आया हा प्रश्न मनातच ठेवत असतील. म्हणून या विभागाची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्यानंतर मी म्हटलं, मग काढून टाका लगेच. त्यांनी ठाम नकार दिला. व्रणाभोवती तेव्हा सूज होती. सूज असताना हात घातला तर नळी आणि आजूबाजूचं मांस वेगळं ओळखता येत नाही आणि तुकडा मागे राहतो. आधी अँटिबायोटिकचा कोर्स, सूज पूर्ण उतरल्यावर सहा आठवडे थांबायचं आणि मगच शस्त्रक्रिया. मधल्या काळात परत पिकलीच तर इथेच या, पू फार साठला असेल तर आम्ही सुईने ओढून घेऊ, पण कुणालाही परत चीर देऊ देऊ नका, असं बजावलं. चीर दिल्याने नळीला बाहेर तोंड फुटतं. आमच्या लेकीच्या गळ्यावरचं भोक हे तेच तोंड. शिवाय आधी पिकलेल्या आणि चिरलेल्या गाठीत शस्त्रक्रियेनंतर परत येण्याचा धोकाही वाढतो. हे त्यांनी लपवलं नाही आणि आधीच्या डॉक्टरांवर तोंडसुखही घेतलं नाही.

सोनोग्राफी त्याच आठवड्यात झाली. मला वाटलं होतं, गाठ किती मोठी आहे ते बघायला करतायत. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी गाठ पटकन बघितली आणि मग बराच वेळ तिच्या खाली, गळ्याच्या तळाशी घालवला. तिथे ते थायरॉइड ग्रंथी शोधत होते. दोन्ही बाजूंचे भाग जागेवर आहेत असं दिसल्यावर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. कारण असं की क्वचित एखाद्या मुलात ग्रंथी खाली उतरलेलीच नसते आणि गाठ म्हणून जे हाताला लागतं तीच त्या मुलाची एकुलती एक थायरॉइड असते. ती गाठ समजून काढली तर मुलाला जन्मभर हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. रक्तातली थायरॉइडची तपासणीही त्यासाठीच केली. आधीच्या ठिकाणी सोनोग्राफी न करताच चीर दिली होती, हे आठवून मी तिथे खुर्चीतच घाम पुसत बसले. सीटी स्कॅन मात्र सांगितला नाही. सोनोग्राफीत सगळं स्पष्ट दिसत असताना मुलीला विनाकारण किरणं कशाला, असं मॅडम म्हणाल्या.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती हाडाची. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर हायॉइड हाडाचा मधला तुकडाही कापणार, असं सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले. पाच वर्षांच्या मुलीच्या गळ्यातलं हाड कापायचं? मॅडमनी मला स्वतःच्याच गळ्यावर ते हाड शोधायला लावलं. हनुवटीखाली, कंठमण्याच्या जरा वर, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ते सापडतं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं असतं. हे हाड शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेलं नसतं, स्नायूंच्या आणि बंधांच्या आधाराने अधांतरी असतं. मधला साधारण एक सेंटिमीटरचा तुकडा काढला तरी दोन्ही बाजूंच्या स्नायूंची पकड राहते. बोलणं आणि गिळणं बिघडत नाही.

आणि तो काढायचा का? कारण ती राहिलेली नळी या हाडाला अगदी चिकटून जाते, कधी पुढून, कधी मागून, कधी हाडाच्या आतूनच. वरून गाठ सोडवून घेतली आणि हाड तसंच ठेवलं तर नळीचा अंश तिथे राहतो आणि जवळपास निम्म्या मुलांत गाठ परत येते. वॉल्टर सिस्ट्रंक या अमेरिकन सर्जनने १९२० मध्ये गाठ, हाडाचा मधला भाग आणि तिथून जिभेच्या मुळापर्यंतची वाट असं सगळं एकसंध काढण्याची पद्धत मांडली. शंभर वर्षं उलटून गेली तरी आजही तीच शस्त्रक्रिया करतात, सिस्ट्रंक ऑपरेशन याच नावाने. तिच्यानंतर गाठ परत येण्याचं प्रमाण १०० मुलांत १०पेक्षा कमी आहे. ‘तुमच्या लेकीला आधी चीर दिलीय, म्हणून मी तुम्हाला शून्य म्हणणार नाही,’ एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला हा आकडा गोड करून न सांगणं आवडलं. कापड आटणार असेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं, मी तेच करते.

म्हणून कुणी तुम्हाला ‘छोटीशी गाठ आहे, वरच्यावर काढून टाकू’ म्हणालं, तर हाडाचं काय करणार हे नक्की विचारा. आणि लहान मुलांवर ही शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्याकडेच जा. मुलांमध्ये हे हाड आणि त्याखालची स्वरयंत्राची कूर्चा एकमेकांना अगदी लागून असतात, तिथे हाताला सवय हवी.

भूलतज्ज्ञांची भेट आदल्या दिवशी झाली. गेल्या काही आठवड्यांत सर्दी-खोकला झाला होता का, झोपेत घोरते का, घरात कोणाला भुलेचा त्रास झालाय का, असे प्रश्न विचारले आणि मग लेकीला म्हणाले, ‘कुठला दात हलतोय?’ खालचा पुढचा एक हलत होता. तो त्यांनी स्वतः बोटाने हलवून पाहिला आणि केसपेपरवर लाल पेनने लिहिला. श्वासनळीत नळी घालताना हलणारा दात निसटून आत जायला नको म्हणून. एवढं बारीक बघणारा माणूस भूल देणार म्हटल्यावर त्या रात्री मला थोडी झोप लागली.

आता उणी बाजू. शस्त्रक्रियेआधी सहा तास खाणं बंद आणि दोन तास पाणी बंद, हा नियम नीट समजावला होता आणि आम्ही तो काटेकोर पाळला. नंबर सकाळी नऊचा होता. मध्येच एक तान्हं बाळ तातडीने आत गेलं. ते जायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अकरा वाजेपर्यंत आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. लेक रडून रडून माझ्या खांद्यावर मलूल पडली होती. शेवटी मीच सिस्टरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यांनी भूलतज्ज्ञांना फोन केला आणि लगेच थोडं साधं पाणी द्यायची परवानगी मिळाली. म्हणजे ते देता येत होतं. नंबर पुढे गेला की हा फोन आपणहून व्हायला हवा. उपाशी मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला भांडायचं बळ कुठून येणार? या एका गोष्टीत विभागाने सुधारणा करायलाच हवी, आणि मी ते लेखी दिलंय.

साडेबाराला तिला आत घेतलं. आईला किंवा बाबांना, एकालाच, भूल चढेपर्यंत आत जाता येतं. मी गेले. तिचा हात माझ्या हातात होता. मास्क लावल्यावर तिने दोनतीनदा मान हलवली आणि मग बोटांची पकड एकदम सैल झाली. ते सैल होणं सहन होत नाही, सांगून ठेवते. सिस्टरांनी माझ्या दंडाला धरून बाहेर आणलं आणि पाच मिनिटं माझ्याजवळ बसल्या.

दीड तासाने मॅडम बाहेर आल्या. हातात एक छोटी बरणी होती. ‘बघायचंय का?’ असं आधी विचारलं. मी हो म्हटलं. माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी फिकट गाठ, तिच्या एका टोकाला जुन्या व्रणाची कातडी, दुसऱ्या बाजूला करंगळीच्या नखाएवढा पांढरा हाडाचा तुकडा आणि त्याच्याही वर मांसाची बारीक शेपटी. ती शेपटी म्हणजे जिभेच्या मुळाकडे जाणारी वाट. सगळं एका तुकड्यात, मध्ये कुठे तुटलेलं नव्हतं. भूलतज्ज्ञांनी तोंडातून जिभेचं मूळ बोटाने खाली दाबून धरलं होतं, म्हणून तिथवर पोहोचता आलं, असं त्यांनी सांगितलं. केसपेपरच्या पाठीवरचं चित्रच बरणीत उतरलं होतं.

रात्रभर सिस्टर दर तासाला यायच्या. टॉर्चच्या उजेडात पट्टीच्या वर आणि खाली बोटांनी चाचपायच्या, श्वासाचा आवाज ऐकायच्या, लिहून ठेवायच्या. आत रक्त साठलं तर श्वासाची वाट दाबली जाऊ शकते, म्हणून पहिली रात्र महत्त्वाची असते. शुद्धीवर आल्यावर लेकीचा आवाज घोगरा होता आणि मी घाबरले. तो भुलेच्या नळीमुळे असतो, दोन दिवसांत जाईल म्हणाल्या. तसाच गेला. जखमेतून एक बारीक रबरी नळी बाहेर ठेवली होती, ती सकाळी काढली. गिळताना दोनतीन दिवस दुखलं. मऊ, कोमट आणि थोडं थोडं भरवत गेलो. दुसऱ्या दिवशी घरी.

शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. त्याचं दुखणं बाजूचं होतं. मानेच्या तिरक्या स्नायूच्या पुढच्या कडेला, खालच्या भागात, जन्मापासून एक बारीक भोक. त्याची आई सांगत होती की ती वाट वर टॉन्सिलपर्यंत जाते आणि जाताना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीच्या दोन फांद्यांमधून जाते. त्याला एकावर एक अशा दोन छोट्या चिरा दिल्या होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, म्हणजे एक लांब व्रण राहत नाही. त्याला दोन्ही बाजूंना भोकं होती, म्हणून कानांची तपासणी आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफीही केली होती. कधी कधी या तिन्ही गोष्टी एकत्र आढळतात. मानेवरच्या भोकासाठी आलेल्या मुलाचे कान तपासायचं ज्यांना सुचतं, त्यांच्याकडे मी डोळे मिटून जाईन.

टाक्यांबद्दल मला बोलायलाच हवं. पट्टी निघाली तेव्हा मी टाके शोधत राहिले. मान खाली केली की मुलांच्या गळ्याला आडवी घडी पडते. चीर बरोबर त्या घडीत दिली होती, जुन्या व्रणाचं भोक तिच्यातच धरून. आम्ही चुणीच्या आत टीप लपवतो तशी. शिलाई सगळी आतून, विरघळणाऱ्या दोऱ्याची, वर नुसता औषधी गोंद. दोऱ्याचं टोकसुद्धा कुठे बाहेर नाही. वीस वर्षं तुरपाई करतेय, इतकी साफ मला साधलेली नाही.

डिस्चार्जचा कागद मात्र निरुपयोगी होता. सगळी इंग्रजी आद्याक्षरं. मी निवासी डॉक्टरांना म्हटलं, घरी रात्री दोन वाजता हे मला कोण वाचून दाखवणार? त्यांनी लगेच मागच्या बाजूला आपल्या भाषेत लिहून दिलं: गळा फुगला, श्वास घ्यायला त्रास झाला, लाळ गिळता येईना, ताप किंवा पू आला तर वाट न बघता या. हे चार शब्द छापूनच का देत नाहीत, कळत नाही. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टचंही तसंच. दहा दिवस झाले तरी फोन नाही. मीच जाऊन खिडकीवरून घेतला. थायरोग्लॉसल सिस्ट, भिंतीत थायरॉइडच्या पेशी, कर्करोगाचं चिन्ह नाही. मुलांमध्ये अशा गाठीत कर्करोग फारच क्वचित असतो हे आधी सांगितलेलं होतं, तरी ते दहा दिवस मी मशीनवर बसून एक सरळ टीप मारू शकले नव्हते.

आता आठ महिने झालेत. परत यायची असेल तर गाठ बहुधा पहिल्या वर्षात येते, म्हणून पुढची तपासणी वर्ष पुरं झाल्यावर आहे. गेल्या भेटीत मॅडमनी परत पाणी प्यायला लावलं, परत जीभ बाहेर काढायला लावली. गळा जागच्या जागी राहिला. लेक मग आपणहून म्हणाली, ‘आता तुम्ही काढा.’ आणि मॅडमनी काढली. तिने पुढे होऊन त्यांच्या गळ्यावर बोट ठेवून नीट तपासलं.

मी अजूनही धुवायला टाकण्याआधी तिच्या प्रत्येक फ्रॉकची गळपट्टी उलटी करून बघते. कोरडी असते.